दसऱ्यात धुतलेला फिल्टर

गिऱ्हाईक दुकानात आलं की आधी मासे बघतं, मग टाकी बघतं, मग टाकीत ठेवायचा तो प्लास्टिकचा किल्ला आणि तोंडातून बुडबुडे सोडणारा बेडूक बघतं. सगळं ठरलं, गठ्ठा बांधून झाला, की जाता जाता विचारतं, "काकू, मोटर कोणती बी द्या, चालते ना?" इथं माझं डोकं फिरतं. कोणती बी कशी चालेल? चपला घेताना कोणत्याही मापाच्या घेता का? हिंगोलीत मी बावीस वर्षं रंगीत माशांचं दुकान चालवलं आणि त्यातली निम्मी वर्षं तरी ह्या एका वाक्याशी भांडण्यात गेली. आता दुकान भाचीकडे दिलंय. पण अजून दुपारी जाऊन बसते आणि अजून भांडते.

सुरुवातीला तर माझ्याशी कुणी भांडायलाही तयार नसायचं. गल्ल्यावर बाई बघून माणसं विचारायची, "साहेब कधी येतील?" मी म्हणायची, साहेब साखर कारखान्यावर नोकरीला आहेत, त्यांना मोटरीतलं काही कळत नाही, तुमचं काम माझ्याकडेच आहे. मग ती जरा नाइलाजानं बोलायला लागायची.

ज्यांच्या घरी टाकी नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच हगतो. स्पष्ट बोलल्याशिवाय हा धंदा समजत नाही. त्या घाणीचं पाण्यात विष होतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. पाणी काचेसारखं नितळ असतं आणि मासा मरत असतो. लोक मोटर म्हणतात तो हा फिल्टर. त्यांना वाटतं तो म्हणजे चहाची गाळणी, कचरा अडवला की झालं. कचरा तो अडवतोच. पण त्याच्या आतल्या स्पंजावर बारीक जंतू राहायला येतात, ते हे विष खातात, आणि त्यांच्या जिवावर मासे जगतात. नव्या फिल्टरात हे जंतू नसतात. यायला महिना-सव्वा महिना लागतो. जुन्या चांगल्या फिल्टरातला स्पंजाचा तुकडा नव्यात ठेवला की काम लवकर होतं. दुधाला विरजण लावतो तसंच ते. बायकांना हे एका वाक्यात कळतं. पुरुषांना मला दोनदा सांगावं लागतं.

आता फिल्टर निवडायचा कसा? टाकीत पाणी किती, मासे कोणते, आणि घर कसलं, हे तीन प्रश्न. टाकीतलं सगळं पाणी तासात तीन-चार वेळा फिल्टरातून फिरलं पाहिजे. गोल्डफिश असेल तर त्याहून जास्त, कारण तो दिसायला देखणा आणि वागायला गलिच्छ. फायटर माशाला मात्र पाण्याची ओढ सोसत नाही. रस्त्यांची कामं घेणाऱ्या एका हौशी गुत्तेदारानं फायटरच्या एवढ्याशा टाकीला दुकानातली सगळ्यात मोठी मोटर नेली. मी नको नको म्हणत असताना नेली. चौथ्या दिवशी आला, म्हणाला, मासा काचेला चिकटून बसलाय, निघतच नाही. मी विचारलं, मोटर बंद करून बघितली का? बंद केली तर मासा आपोआप सुटला म्हणे. दुसरे एक गुरुजी होते, ते वीज वाचवायला मोटर दिवसातून चारच तास लावायचे. मी म्हटलं, गुरुजी, तुम्ही चारच तास श्वास घ्या आणि मला सांगा कसं वाटतंय. ते रागावले, पण मोटर चालू ठेवायला लागले.

तिसरा प्रश्न, घर कसलं, हा मला आधी माहीत नव्हता. तो मला सोनाबाईनं शिकवला.

सोनाबाई कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावरची. नाक्यावर तिचं चहाचं हॉटेल, मागच्या दोन खोल्यांत घर. शेजारचा ढाबा बंद पडला तेव्हा मालकानं जाताना चार फुटी टाकी तिच्या दारात ठेवली, मोटर मात्र काढून नेली. तर ही बाई मोटर घ्यायला वीस-पंचवीस किलोमीटर काळी-पिवळी जीपमध्ये बसून माझ्याकडे आली. वयानं माझ्यापेक्षा मोठी, हातभर बांगड्या, आणि सगळ्यांना सरसकट 'तू'. मी विचारलं, एवढी मोठी टाकी कशाला ठेवता? म्हणाली, दिवसभर रस्त्यावरच्या गाड्या बघून बघून डोळे शिणतात, जरा काही सावकाश चालणारं बघावं वाटतं. इतकं चांगलं कारण मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी तिला डब्याचा फिल्टर दाखवला. हा टाकीच्या खाली ठेवायचा बंद डबा, दोन नळ्या, आत स्पंजाचे थर. भारी माल. खरं सांगते, त्यात मला सुटायचंही बरं, म्हणून मी जरा जास्तच तारीफ केली. सोनाबाईनं तो हातात घेतला, उलटा केला, झाकण उघडून आत बघितलं.

"लाईट गेल्यावर हे काय करतं?" तिनं विचारलं.

"बंद पडतं."

"मंग आतले ते तुझे जंतू काय करतेत? झाकण लावलंय वरून. त्यायले श्वास लागत न्हाई का?"

मी थोडी चिडलेच. म्हटलं, कंपनीनं विचार करून बनवलंय. ती म्हणाली, "कंपनीकडं लाईट असंल. आमच्याकडं आठ-आठ तास न्हाई राहत." आणि तिनं दुकानातला सगळ्यात साधा स्पंजाचा फिल्टर उचलला, चांगले दोन मोठे. हवेच्या पंपावर चालतात, आत मोटर नाही, बिघडायला काही नाही, आणि पंप शेतातल्या फवारणीच्या बॅटरीवरही चालतो. ही बॅटरीची युक्ती तिचीच. मी फक्त तोंड वाकडं करून पिशवीत भरून दिलं.

त्याच उन्हाळ्यात माझ्याकडून डब्याचे फिल्टर नेलेल्या तीन घरांत मासे मेले. लाईट लांब गेली, बंद डब्यात हवा संपली, जंतू मेले, सडले, आणि लाईट आल्याबरोबर त्या डब्यानं सगळी सडलेली घाण टाकीत ओकली. तिन्ही घरी जाऊन मी कबूल केलं की चूक माझी. तेव्हापासून मी आधी विचारते, तुमच्याकडे लाईट किती तास जाते? नंतर ह्या युक्त्या सांगून मी पुष्कळ शहाणी म्हणून मिरवले. म्हणून इथं नाव घेऊन सांगते, ते शहाणपण नाक्यावरच्या सोनाबाईचं आहे.

आता दसऱ्याकडे येते. आमच्या भागात घटस्थापनेच्या आधी दसरा काढतात. म्हणजे घरातली एकूण एक वस्तू धुवायची. गोधड्या, चादरी कयाधू नदीवर जातात, माळ्यावरची पितळी भांडी खाली येतात, भिंती झाडतात, पंख्यांची पाती पुसतात. बायकांची कंबर मोडते, पण घर असं लख्ख होतं की बघत राहावं. आणि ह्या धडाक्यात कुणाची तरी नजर टाकीतल्या काळ्याकुट्ट, बुळबुळीत स्पंजाकडे जाते. घरात एवढी घाण, आणि दसऱ्याला? बाई तो साबणानं घासते, ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवते, उन्हात वाळवते आणि पांढराशुभ्र करून परत बसवते. तिसऱ्या दिवशी मासे तोंड वर काढतात. माझ्या दुकानात दर वर्षी नवरात्राच्या तोंडावर मेलेल्या माशांची रांग लागायची, आणि पहिली काही वर्षं मला त्याचं कारणच कळलं नव्हतं. ह्या काही वर्षांनी पुढे काय केलं ते सांगते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माधवराव म्हणून माझे जुने गिऱ्हाईक, एस.टी.तून रिटायर झालेले कंडक्टर. कडक माणूस. घरात कुणाशी दोन शब्द बोलायचे नाहीत, पण टाकीपुढं खुर्ची टाकून तासन् तास बसणार. सहा गोल्डफिश. त्यातला सगळ्यात मोठा नऊ वर्षांचा, पोट सुटलेला, त्याला ते शेठ म्हणायचे. त्यांच्या मुलाचं त्याच उन्हाळ्यात लग्न झालेलं, सून कोमल, कळमनुरीकडची, सासरी पहिलाच दसरा.

सकाळी दुकानाचं शटर उघडतेय तर ही पोरगी पायरीवर बसलेली. हातात कॅरीबॅग, त्यात स्पंज, इतका पांढरा की मला बघताक्षणीच सगळं कळलं. सांगायला लागली आणि रडायलाच लागली. मामा, म्हणजे सासरे, पाच दिवसांसाठी वारंगा फाट्याला बहिणीकडे गेले होते. सासूबाईंना बरं वाटावं म्हणून हिनं एकटीनं दसरा काढला, सगळं घर धुतलं आणि शेवटी फिल्टरही धुतला. आत्याबाईंनी, म्हणजे सासूनं, कौतुकही केलं. आज मासे पाण्याच्या वर येऊन राहिले होते, आणि मामा उद्या संध्याकाळी येणार होते.

"काकू, मासे मेले तं माझं नाव कायमचं लागंल त्या घरात," ती म्हणाली.

मला वाटलं, लेकरू घाबरलंय म्हणून वाढवून बोलतंय. तरी मी लगेच तिच्याबरोबर गेले. ड्रममधलं साठवलेलं पाणी घेऊन टाकीतलं अर्धं पाणी बदललं, बुडबुडे सोडणारा हवेचा दगड आत सोडला, खाणं पूर्ण बंद करायला सांगितलं. पण हे सगळं तात्पुरतं. विष पुन्हा साचणार होतं, त्याला खाणारे जंतू हवे होते, म्हणजे विरजण हवं होतं. आणि माझं नशीब बघा, दुकानातच त्या आठवड्यात आजारी माल आलेला. सगळ्या टाक्यांत औषध टाकलेलं. माझा स्पंज नेला असता तर बरोबर रोगही नेला असता.

मग मी फोन करायला बसले. ज्यांच्याकडे जुने, निरोगी फिल्टर आहेत अशा सात घरांना फोन केले. सातही ठिकाणी मला एकच उत्तर मिळालं, वर मोठ्या अभिमानानं. "धुतला की काकू, कालच. दसरा नव्हता का काढायचा?" सात फोनांत मला सात घरांची रडारड आधीच ऐकू आली. इतकी वर्षं दुकान चालवून, प्रत्येकाला फिल्टर विकून, धुवायचा कसा हे मी धड सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

आठवा फोन सोनाबाईला. मी घाबरत घाबरत विचारलं, बाई, दसरा काढला का?

"व्हय, काढला की. समदं धुतलं."

"फिल्टर?"

"त्याले काहून धुईन? त्यात तुझी लेकरं राहतेत म्हनली होती तू."

मी जंतू म्हटलं होतं. तिनं त्यांची लेकरं केली होती, आणि म्हणून ते वाचले होते.

मी माणूस पाठवते म्हटलं, तर म्हणाली, नको, भलता माणूस वाळवून आणंल. हॉटेल तसंच शेजारणीवर सोपवून ती स्वतः काळी-पिवळीनं निघाली. दुपारी तीनच्या सुमारास माधवरावांच्या दारात उभी. दुधाच्या किटलीत तिच्या टाकीचं पाणी, त्यात तिच्या दोनपैकी एक अख्खा स्पंज, झाकण जरा बाजूला सारलेलं, हवा लागावी म्हणून. वाटेत गाडीवाल्याला तिनं दोनदा थांबवून किटली हलवली होती म्हणे. मी म्हटलं, एवढी घाई कशाला, संध्याकाळी आली असतीस तरी चाललं असतं. तर म्हणाली, दिवे लागल्यावर विरजण देत नसतेत, हे बी मीच सांगू का तुले?

तिनं पदर खोचला, आणलेला स्पंज फिल्टरात बसवला आणि कोमलला जवळ बसवून धुवायचा कसा ते दाखवलं. बादलीत टाकीचंच पाणी घ्यायचं, त्यात स्पंज दोनदा हलकेच पिळायचा, बस. काळा राहिला तर राहू द्यायचा. कोमलनं विचारलं, मावशी, तुमच्याकडे आता एकच उरला, तुमचे मासे? ती म्हणाली, मी बी आठ दिवस कमी खाऊ घालीन, भागंल. चहा घेतला आणि पुढच्या गाडीनं परत गेली. मी बावीस वर्षांत भारी भारी टाक्या असलेले लोक बघितले. माशांचं कळणारं माणूस म्हणून कुणाचं नाव घ्यायचं तर मी तिचंच घेईन.

पाच मासे सावरले. शेठ सावरला नाही. मोठ्या माशाला जास्त हवा लागते, विष त्यालाच आधी बाधतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. मी संध्याकाळी पाणी बघायला पुन्हा गेले तर कोमल भिंतीला टेकून बसलेली. तिची सासू सुशीलाबाई तिला म्हणत होती, सांगू नको, म्हातारा होता, गेला, एवढंच म्हणायचं. मीही तेच म्हणाले. खोटं बोलायचा सल्ला मी दिला, हे लिहिताना बरं वाटत नाही, पण दिला. सून नवी, सासरा कडक, आणि मेलेला मासा काही परत येणार नव्हता.

तेवढ्यात माधवराव आले. पिशवी खाली ठेवली आणि चपला काढायच्या आधी टाकीपुढं गेले.

"शेठ कुठाय?"

"वय झालतं त्याचं," सुशीलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाली.

कोमल उभी राहिली. "मामा, वय न्हाई. मी दसऱ्यात फिल्टर साबणानं धुतला. माझ्यामुळं गेला तो."

मी डोळे मिटून घेतले. आता ओरडणार, असं वाटलं. माधवराव खुर्चीवर बसले, वाकून त्यांनी फिल्टरातला तो परका काळा स्पंज बघितला.

"साबण कोणता होता?"

"भांड्याचा."

"मी कपड्याचा वापरला होता," ते म्हणाले.

कुणाला काही कळेना. ते टाकीकडेच बघत बोलत होते. बारा वर्षांपूर्वी टाकी नवी होती, अकरा मासे होते, आणि पहिल्याच दसऱ्याला त्यांनी हौसेनं स्वतः फिल्टर धुतला होता. तीन दिवसांत अकराच्या अकरा मेले. मग एक दिवस त्यांना आपलं आपल्यालाच कळलं की कशानं मेले. पण तोवर घरात, शेजारीपाजारी, पाहुण्यारावळ्यांत सांगून झालं होतं की सुशीलानं जास्त खाऊ घातलं. सांगून झालेलं त्यांना फिरवता आलं नाही.

सुशीलाबाई ओल्या हातांनीच बाहेर आली. "बारा वर्षं," ती म्हणाली. "बारा वर्षं मी त्या टाकीत दाणा टाकला न्हाई. कोणी आलं की सांगत होता तुमी, हिच्या हाताला गुण न्हाई. माहेरच्या लोकांपुढं बी सांगितलं."

आणि ही गोष्ट पहिल्यांदा माझ्याच तोंडून निघाली होती. त्या पहिल्या दसऱ्याला माधवराव दुकानात आले, मासे मेले म्हणाले. मी विचारलं, खायला कोण घालतं? ते म्हणाले, बायको. मग जास्त घातलं असेल, असं मी म्हणून टाकलं. प्रत्येक दुकानदार हेच म्हणतो, विचार करावा लागत नाही. फिल्टर कधी धुतला, कशानं धुतला, हे मी विचारलंच नाही.

"सुशीलाबाई," मी म्हणाले, "जास्त खाऊ घातलं असेल, हे आधी मी म्हणाले होते. काही न विचारता म्हणाले."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "मी तुमच्या दुकानाच्या दारातच उभी होते."

माधवरावांनी उठून टाकीवरची खाण्याची डबी घेतली आणि बायकोपुढं धरली. तोंडानं माफी मागणं त्या माणसाला जमणार नव्हतं, हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं. तिनं डबीकडे बघितलं, पदराला हात पुसले, पण डबी घेतली नाही.

"आज न्हाई," ती म्हणाली. "पाणी अजून कच्चं हाये. काकूंनी उपाशी ठेवायला सांगितलंय. उद्या टाकीन."

मी दुकानदारच शेवटी. माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "उद्या नको, परवा टाका."

"परवा तं परवा," सुशीलाबाई म्हणाली, आणि डबी हातात घेतली.